अर्पणाच्या एका ओळीचा माग

मोर्शी तालुक्यातील ज्या महाविद्यालयात मी गणित शिकवतो, तेथील संगणक प्रयोगशाळेत आम्ही मॅक्सिमा ही मोफत मिळणारी बीजगणित प्रणाली, म्हणजे संगणकाकडून चिन्हांची गणिते सोडवून घेणारे सॉफ्टवेअर, वापरतो. ती टर्मिनलवर सुरू केली की पहिले उदाहरण लिहिण्याची जागा येण्याआधी काही ओळी उमटतात : आवृत्तीचा क्रमांक, खाली चालणाऱ्या लिस्प भाषेचे नाव, परवान्याची माहिती आणि त्यानंतर ‘विल्यम शेल्टर यांच्या स्मृतीस अर्पण’ अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ. सात वर्षे ती ओळ माझ्या डोळ्यांसमोरून जात होती. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने तिच्यावर बोट ठेवून विचारले, “सर, हे विल्यम शेल्टर कोन होते? यायनंच बनवलं काय हे?” २२ डिसेंबरला, रामानुजन यांच्या जन्मदिनी येणाऱ्या राष्ट्रीय गणित दिनासाठी भित्तिपत्रकाचा विषय ठरायचाच होता, तो तिथेच ठरला. मॅक्सिमा कोणी आणि केव्हा बनवली, एवढे शोधून चार ओळी लिहायच्या. मला वाटले होते की हे एका संध्याकाळचे काम आहे. त्याला जवळजवळ चार आठवडे लागले, आणि त्या चार आठवड्यांत जे हाती लागले ते एखाद्या दुसऱ्या गणिताच्या शिक्षकाला उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

पहिल्या संध्याकाळी मला चार वेगवेगळी साले मिळाली. एका ठिकाणी मॅक्सिमाचा जन्म १९६८ साली झाला असे होते, दुसऱ्या ठिकाणी १९८२, तिसऱ्या ठिकाणी १९९८. आणि एका परीक्षेच्या गाईडमधून फिरत आलेल्या टिपणात तर २००१ हे साल ठळक अक्षरांत छापलेले होते. मी तेव्हा जे केले ते बहुतेक जण करतात : मते मोजली. १९८२ हे साल सर्वांत जास्त ठिकाणी होते, म्हणून वहीत तेच लिहिले. दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या नोंदी शेजारीशेजारी ठेवून वाचल्या, तेव्हा ध्यानात आले की त्यांतील पाच नोंदींमध्ये शब्दच काय, स्वल्पविरामही तेच आहेत. म्हणजे ते पाच साक्षीदार नव्हतेच. एकाच साक्षीदाराच्या त्या पाच नकला होत्या. गावात एखादी बातमी पाच तोंडांनी आली म्हणून ती पाचपट खरी ठरत नाही, ती पहिल्यांदा कोणाच्या ओसरीवरून निघाली हे पाहावे लागते, हे एरवी आपल्याला चांगले कळते. छापील किंवा पडद्यावरचा मजकूर समोर आला की मात्र आपण ते विसरतो.

मग मी उलट्या टोकाने जायचे ठरवले. मॅक्सिमाविषयी कोण काय म्हणते हे बाजूला ठेवून मॅक्सिमाच उघडायची. ही प्रणाली मुक्त परवान्याखाली असल्यामुळे तिचा संपूर्ण मूळ मजकूर, म्हणजे ज्याला आपण सोर्स कोड म्हणतो तो, कोणालाही उतरवून घेता येतो. आमच्याकडे दिवसा नेटवर्क जेमतेम असते आणि संत्र्याच्या बागांना पाणी देण्यासाठी कृषिपंपांची लाईन रात्री आली की सगळे गाव जागे असते. मी घराच्या गच्चीवर बसून तीन रात्रींत, दोनदा तुटलेले काम पुन्हा सुरू करून, तो मजकूर उतरवला. त्यात शेकडो फायली आहेत आणि त्यांतील अनेकींच्या माथ्यावर, अर्धविरामांच्या चौकटीत, हक्काच्या नोंदी आहेत. एक नोंद मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची, म्हणजे एमआयटीची. बऱ्याच फायलींवर तिचे साल १९८२ आहे. दुसरी नोंद टेक्सास विद्यापीठातील विल्यम शेल्टर यांची, १९८४ आणि १९८७ अशा दोन सालांसह, आणि तिच्यात या फाईलमध्ये सुधारणा केल्या आहेत असे एक वाक्य.

त्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो. सुधारणा या अर्थाचा जो इंग्रजी शब्द तिथे वापरला आहे, एन्हान्समेंट्स, त्याच्या स्पेलिंगमधील मधला ई गळलेला आहे. पहिल्यांदा मला वाटले की एखाद्या फाईलमध्ये टंकताना चूक झाली असेल. पण दुसरी फाईल उघडली तर तोच ई गळलेला, तिसरी उघडली तर तेच. माझ्या विद्यार्थिनीने हे पाहिले आणि ती लगेच म्हणाली, “म्हणजे यायनं एकदाच लिहिलं अन् सगळीकडे चिकटवलं.” तिचे म्हणणे बरोबर होते आणि त्याचा परिणाम मोठा होता. चौकट जर एकदाच लिहून सगळ्या फायलींवर चिकटवली असेल, तर त्या चौकटीतील साल प्रत्येक फाईलच्या वयाविषयी काहीच सांगत नाही. ते फक्त चौकट चिकटवणाऱ्याच्या कामाविषयी सांगते. ज्या फाईलवर १९८४ आणि १९८७ आहे, तिच्या आतील गणित कितीतरी जुने असू शकते.

आमच्या तालुक्यातच रिद्धपूर आहे, आणि महानुभाव पंथाच्या पोथ्यांविषयी थोडेफार ऐकलेले नाही असा माणूस या भागात विरळा. जुन्या पोथ्यांचा अभ्यास करणारे लोक कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरवली हे ओळखताना बरोबर अक्षरांपेक्षा चुकीच्या अक्षरांवर जास्त भरवसा ठेवतात, कारण बरोबर अक्षर दोन लेखनिक स्वतंत्रपणे लिहू शकतात, पण तीच चूक त्याच जागी दोघांकडून आपापली होणे कठीण. संगणकाच्या फायलींना हा नियम जसाच्या तसा लागू पडतो, याचा मला त्या दिवशी मनापासून आनंद झाला.

यानंतर आम्ही इंटिग्रेशनची फाईल उघडली, कारण मुलांना मॅक्सिमा मुख्यतः त्यासाठीच लागते. तिचे नाव एस, आय, एन या तीन अक्षरांचे आहे. वर्गातील सगळ्यांनी ते ‘साइन’ असे वाचले आणि त्रिकोणमितीची फाईल समजून पुढे जाऊ लागले. मीही तसेच वाचले असते. पण वरच्या चौकटीखाली एक संदर्भाची ओळ होती : जे. मोझेस, सिम्बॉलिक इंटिग्रेशन, एमआयटी-एलसीएस-टीआर-०४७, १२-१-१९६७. आणि त्यापुढे एक संकेतस्थळाचा पत्ता. हे साइन नव्हतेच. जोएल मोझेस यांनी एमआयटीमध्ये पीएच.डी.साठी लिहिलेल्या इंटिग्रेशनच्या प्रोग्रामचे ते नाव आहे, सिम्बॉलिक इंटिग्रेटरचे लघुरूप. त्याच्या आधी, १९६१ साली, तेथेच जेम्स स्लॅगल यांनी लिहिलेल्या प्रोग्रामचे नाव सेंट असे होते. इंग्रजीत पहिल्याचा अर्थ पाप आणि दुसऱ्याचा संत, आणि ही जोडी जुळून आलेली नसून जुळवलेली आहे हे उघडच आहे. सेंटची परीक्षा ८६ उदाहरणांवर घेतली गेली होती, त्यांपैकी ५४ उदाहरणे एमआयटीच्या पहिल्या वर्षाच्या कलनशास्त्राच्या अंतिम परीक्षांतून घेतलेली होती, आणि त्याने दोन सोडून सगळी सोडवली. मुलांना ही गोष्ट फार आवडली, कारण यंत्रालाही आपल्यासारखाच पेपर दिला होता.

पण त्या एका संदर्भाच्या ओळीत तीन खड्डे होते, आणि त्या तिन्हींत मी पाय घातला.

पहिला खड्डा तारखेचा. १२-१-१९६७ हे मी १२ जानेवारी १९६७ असे वाचले आणि वहीत तसेच उतरवले. आपण दिवस आधी लिहितो. अमेरिकेत महिना आधी लिहितात. ती तारीख १ डिसेंबर १९६७ आहे, आणि हा प्रबंध ज्या अहवालाच्या (टीआर, म्हणजे टेक्निकल रिपोर्ट) रूपात निघाला त्याच्या नोंदीतही डिसेंबर १९६७ हाच महिना येतो. एका वर्षाच्या दोन टोकांइतका फरक, आणि तो केवळ वाचण्याच्या सवयीमुळे. दुसरा खड्डा त्या क्रमांकातील एलसीएस या अक्षरांचा. एलसीएस म्हणजे लॅबोरेटरी फॉर कॉम्प्युटर सायन्स. पण १९६७ साली या नावाची प्रयोगशाळा एमआयटीत नव्हती. १९६३ साली सुरू झालेल्या प्रोजेक्ट मॅकचे हे नाव सत्तरच्या दशकाच्या मध्यावर ठेवले गेले. मोझेस यांचा अहवाल निघाला तेव्हा त्याचा क्रमांक मॅक-टीआर-४७ असा होता. म्हणजे संदर्भाची ओळ १९६७ सालच्या कागदाविषयी असली, तरी ती ओळ लिहिणारा माणूस पुष्कळ नंतरच्या काळात बसलेला आहे आणि त्याने जुन्या कागदाला नव्या घराचे नाव दिले आहे. हे कळल्यावर मला एक उपयोगी कसोटी मिळाली : कोणत्याही नोंदीत घडलेल्या गोष्टीचा काळ आणि नोंद लिहिल्याचा काळ वेगळे असू शकतात, आणि नावे, पत्ते, पदव्या, संस्थांची लघुरूपे यांवरून दुसरा काळ बहुधा पकडता येतो.

तिसरा खड्डा त्या संकेतस्थळाच्या पत्त्याचा. तो पत्ता माझ्याकडे उघडला नाही. ती प्रयोगशाळाही २००३ साली दुसऱ्या प्रयोगशाळेत विलीन झाली, तेव्हा यात नवल नाही. मी निराश झालो होतो. पण अहवालाचा क्रमांक हाताशी होता, आणि तो टाकल्यावर एमआयटीच्या ग्रंथालयाच्या संग्रहात मोझेस यांच्या प्रबंधाची पाने, टंकलेखन यंत्रावर उमटलेल्या अक्षरांसकट, समोर आली. पत्ता गेला होता, क्रमांक जगला होता. तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना प्रत्येक संदर्भासोबत लेखकाचे नाव, शीर्षक, साल आणि अहवालाचा किंवा नियतकालिकाचा क्रमांक पूर्ण लिहायला लावतो. नुसता दुवा चिकटवलेला चालवून घेत नाही.

आता १९८२ या सालाकडे परत यायला हवे होते, कारण ज्या प्रणालीचे घटक १९६७ सालच्या प्रबंधापर्यंत मागे जातात ती १९८२ साली जन्मली असे म्हणणे अवघड होते. इथे एसीएम या अमेरिकेतील संगणकशास्त्राच्या संस्थेने केलेल्या एका कामाचा फार उपयोग झाला. तिने १९५१ ते २००० या काळातील आपले सगळे प्रकाशित साहित्य २०२२ साली सर्वांना मोफत वाचायला खुले केले. आमच्यासारख्या, परदेशी नियतकालिकांची वर्गणी भरणे ज्यांना कधीच शक्य नव्हते अशा महाविद्यालयांसाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे हे शहरातील वाचकांना कदाचित जाणवणार नाही. तिथे १९७१ सालच्या एका परिसंवादात मार्टिन आणि फेटमन यांनी मांडलेला निबंध मिळाला. तो मॅक्सिमावर नव्हे, तर मॅक्सिमा जिच्यापासून आली त्या मॅकसिमा प्रणालीवर होता. मराठीत लिहिताना ही दोन नावे फारच जवळ येतात, म्हणून मी पुढे जुन्या प्रणालीला एमआयटीची मॅकसिमा असेच म्हणतो. या निबंधात एमआयटीच्या मॅकसिमाचे वर्णन चालू असलेली प्रणाली म्हणून येते. पुढे अमेरिकेच्या अंतराळ संस्थेच्या, नासाच्या, मोफत अहवालसंग्रहात १९७७ साली बर्कली येथे भरलेल्या मॅकसिमा वापरणाऱ्यांच्या परिषदेचे कार्यवृत्त मिळाले. ज्या प्रणालीच्या वापरकर्त्यांची परिषद १९७७ साली भरते, तिचा जन्म १९८२ साली होऊ शकत नाही. एवढे साधे ताडून पाहण्याचे काम त्या पाच नकलांपैकी एकानेही केले नव्हते.

मग १९८२ साली झाले तरी काय? त्या साली एमआयटीने या प्रणालीची एक प्रत अमेरिकेच्या ऊर्जा विभागाला दिली. त्या प्रतीची एक शाखा टेक्सास विद्यापीठात विल्यम शेल्टर यांनी हाती घेतली, ती कॉमन लिस्प या नव्या रूपातील भाषेत आणली आणि २००१ साली त्यांचा मृत्यू होईपर्यंत, जवळजवळ एकोणीस वर्षे, सांभाळली. १९९८ साली त्यांनी ऊर्जा विभागाकडून ती मुक्त परवान्याखाली सर्वांना देण्याची परवानगी मिळवली. म्हणूनच आज मोर्शी तालुक्यातील मुलगी तिचा मूळ मजकूर उघडून त्यातील गळलेला ई पाहू शकते.

म्हणजे पहिल्या संध्याकाळी मिळालेली चारही साले खोटी नव्हती. १९६८ साली एमआयटीत कार्ल एंगलमन, विल्यम मार्टिन आणि जोएल मोझेस यांनी मॅकसिमाचे काम सुरू केले. १९८२ साली तिची प्रत दिली गेली आणि शाखा निघाली. १९९८ साली ती शाखा मुक्त करण्याची परवानगी मिळाली. २००१ साली ती सांभाळणारा माणूस गेला आणि पुढे त्याच्या नावाची ओळ वर चढली. चूक सालात नव्हती, सालाशेजारी बसवलेल्या ‘बनवली’ या एका क्रियापदात होती. शेतीच्या कागदांची ज्यांना सवय आहे त्यांना हे पटकन कळेल. सातबाऱ्यावर आज कोणाचे नाव आहे ते दिसते. ते नाव तिथे खरेदीने आले, वारसाने आले की वाटणीने, हे पाहायचे तर सहा नंबरच्या फेरफार नोंदवहीत जावे लागते. माझ्या थोरल्या भावाला मी हे सगळे सांगत होतो तेव्हा तो संत्र्याचे क्रेट मोजत होता, मोजणे न थांबवता तो म्हणाला, “मंग तू फेरफारच काढून राह्यला न बाप्पा.” मला यापेक्षा नेमके वर्णन सुचलेले नाही.

याच सुमारास मी माझ्या एका जुन्या गुरुजींकडे गेलो. ते निवृत्त प्राध्यापक आहेत, वय ऐंशीच्या पुढे, आणि त्यांनी पीएच.डी.चे आकडेमोडीचे काम दूरच्या एका शहरातील संगणक केंद्रात, फोरट्रान या संगणकाच्या भाषेत, पंचकार्डांवर, म्हणजे छिद्रे पाडून प्रोग्रामची एकेक ओळ नोंदवलेल्या जाड कागदी कार्डांवर, केले होते. त्यांच्याकडे जाण्याचा माझा हेतू एवढाच होता की मुलांना दाखवायला एखादे कार्ड मिळावे. त्यांनी कपाटाच्या वरच्या कप्प्यातून बुटांच्या खोक्यात ठेवलेली सगळी गड्डी काढून दिली आणि म्हणाले, “मले पक्कं आठवते, छिहत्तर साल होतं. सोयाबीन तवा आपल्याकडे कोणी पेरत नव्हतं.”

त्यांच्या कार्डांतील एक भाग मॅट्रिक्सचा व्यस्त काढण्याचा होता. एका कार्डाच्या वरच्या कडेला छापलेल्या अक्षरांत मिन्व्ह हे नाव दिसले, आणि पहिल्या स्तंभात सी हे अक्षर असलेली, म्हणजे यंत्राने दुर्लक्ष करायची आणि माणसाने वाचायची, अशी बरीच कार्डे त्यासोबत होती. त्यांवर हेतू, वापरण्याची रीत, प्रत्येक चलाचा अर्थ आणि पद्धत असे सगळे ओळीने लिहिलेले होते. पद्धत गाउस-जॉर्डनची, निश्चयकही काढला जातो, तो शून्य आला तर मॅट्रिक्सचा व्यस्त नाही असे समजावे. ही मांडणी मी आधी पाहिली होती. आयबीएम कंपनीच्या सायंटिफिक सबरूटीन पॅकेज या संग्रहातील हा प्रोग्राम आहे, आणि त्या संग्रहातील प्रत्येक प्रोग्राम याच साच्यात लिहिलेला असे. सरांना विचारले तर ते म्हणाले, केंद्रात एक जाड पुस्तिका होती, तिच्यावरून आम्ही सगळेच उतरवून घ्यायचो, ती कोणाची हे कोणी विचारत नसे. त्यांच्या प्रबंधातही त्याचा उल्लेख नाही. परिशिष्टात सगळा प्रोग्राम त्यांचाच असल्यासारखा छापला आहे. यात लबाडी मुळीच नव्हती. त्या काळी प्रमेयाचा संदर्भ देण्याची रीत होती, प्रोग्रामचा संदर्भ देण्याची नव्हती. भारतात परदेशी गणिती सॉफ्टवेअर कसे पसरले हे ज्याला कधी लिहायचे असेल त्याने प्रबंधांची संदर्भसूची पाहून थांबू नये, परिशिष्टेही उलटावीत. सी अक्षराने सुरू होणाऱ्या त्या ओळी मूळ घराण्याची ओळख सांगतात.

आणि त्याच परिशिष्टाने सरांच्या आठवणीचीही परीक्षा घेतली. तिथे यंत्रावरून निघालेल्या निकालाच्या एका पानाची छायाप्रत जोडलेली होती आणि तिच्या माथ्यावर यंत्रानेच छापलेली तारीख होती : १९७९ सालची. मला ती दाखवायला संकोच वाटला. आपल्या गुरुजींना तुमची आठवण तीन वर्षांनी चुकते आहे असे सांगणे सोपे नसते. सरांनी पान उजेडाकडे धरले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि मग म्हणाले की छिहत्तर साली ते पहिल्यांदा केंद्र पाहायला गेले होते, गाडीत उभे राहून, सोबत भाकरी बांधून. काम मात्र पुढेच झाले असणार. म्हणजे इथेही साल खरे होते आणि क्रियापद सरकले होते. त्यांनी त्या दुपारी मला आणखी जे सांगितले, म्हणजे कार्डे दिल्यावर निकाल यायला पाच-पाच दिवस लागत आणि एका स्वल्पविरामासाठी ते पाच दिवस वाया जात, किंवा व्यस्त बरोबर आला की नाही हे ते मूळ मॅट्रिक्सशी हाताने गुणून पाहत, ते कोणत्याही छापील कागदावर नाही. तोंडी आठवण तारखांसाठी कच्ची असते आणि कारणांसाठी, रीतीसाठी, माणसांच्या धडपडीसाठी तिच्याइतके पक्के दुसरे काही नसते, हे मी त्यांच्या ओसरीवर शिकलो.

याच नजरेने मग मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरचा इतिहास पाहिला, कारण मुले ते नाव सर्वांत जास्त ऐकतात. तिथेही दोन साले भांडतात : कोणी सत्तरचे दशक म्हणतो, कोणी १९८४. क्लीव्ह मोलर यांनी न्यू मेक्सिको विद्यापीठात शिकवत असताना, सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात, विद्यार्थ्यांना फोरट्रानचे प्रोग्राम न लिहिता लिनपॅक आणि आइसपॅक या मॅट्रिक्सच्या संग्रहांचा उपयोग करता यावा म्हणून पहिले मॅटलॅब लिहिले. १९८४ साली जॅक लिटल आणि मोलर यांच्या कंपनीने ते, सी भाषेत नव्याने लिहून, विकायला सुरुवात केली. लिहिले आणि विकले, अशी ही दोन क्रियापदे. या बाबतीत सुदैवाने इतिहासकार थॉमस हेग यांनी २००४ साली मोलर यांची घेतलेली दीर्घ मुलाखत उपलब्ध आहे. औद्योगिक आणि उपयोजित गणिताच्या अमेरिकन संस्थेच्या, सियामच्या, प्रकल्पासाठी ती घेतली गेली. शिवाय मोलर आणि लिटल यांनी स्वतः २०२० साली एसीएमच्या प्रोग्रामिंग भाषांच्या इतिहासविषयक परिषदेसाठी मॅटलॅबचा विस्तृत इतिहास लिहिला आहे. संस्थापकांनी स्वतः लिहिलेला इतिहास मी आदराने वाचतो, पण सरांच्या आठवणीसारखाच : कशासाठी केले हे त्यांच्याकडून घेतो आणि केव्हा केले हे त्या वेळच्या कागदावरून ताडतो. लिनपॅकची मार्गदर्शिका १९७९ साली छापली गेली, अशा छापील खुणा त्यासाठी मैलाच्या दगडांसारख्या उपयोगी पडतात.

भित्तिपत्रकावर काय लिहायचे यावरून प्रयोगशाळेत दोन दिवस चर्चा झाली. मुलांना एक मोठे साल आणि एक मोठे छायाचित्र हवे होते. ज्या विद्यार्थिनीने प्रश्न विचारला होता तिने मात्र चार पट्ट्या कापल्या, प्रत्येक पट्टीवर एक साल लिहिले आणि सालापेक्षा मोठ्या अक्षरांत एकेक शब्द : सुरू केली, दिली, मुक्त केली, सांभाळली. चौथ्या पट्टीवर एका सालाऐवजी १९८२ ते २००१ असे दोन टोकांचे अंतर होते. ‘बनवली’ हा शब्द तिने कुठेही वापरला नाही. पट्ट्यांच्या खाली तिने इंटिग्रेशनच्या फाईलच्या पहिल्या पंधरा ओळींची छापील प्रत लावली आणि तांबड्या पेनने १२-१-१९६७ या तारखेभोवती गोल करून शेजारी ‘१ डिसेंबर’ असे लिहिले.

२२ डिसेंबरला सर आले. त्यांना आणायला गेलेल्या मुलाच्या मोटारसायकलवरून वाटेत खोके घसरले आणि सगळी कार्डे मिसळली. मुले घाबरली, सर शांत होते. फोरट्रानच्या कार्डावर विधान सातव्या ते बहात्तराव्या स्तंभात असते आणि त्र्याहत्तर ते ऐंशी हे स्तंभ यंत्र वाचत नाही. तिथे क्रमांक पंच करून ठेवायचा, तो अशाच दिवसासाठी, असे त्यांनी सांगितले. मग ग्रंथालयाच्या लांब टेबलावर कार्डे पसरून मुले क्रमांक मोठ्याने वाचू लागली आणि सर ती रांगेत लावू लागले. बऱ्याच वेळाने एक क्रमांक दोनदा आला. सरांनी ती दोन्ही कार्डे खिडकीच्या उजेडाकडे धरली, छिद्रे पाहिली आणि डावीकडचे बाजूला काढले; त्यात एक स्वल्पविराम नव्हता. मुलगी ते कार्ड टाकायला उचलू लागली तर त्यांनी तिचा हात थांबवला. “हे बी राहू दे,” ते म्हणाले, आणि पेन्सिल मागून घेऊन कार्डाच्या मागे लिहिले : दुरुस्तीआधीचे.